छंदाचा हिशेब मागू नका

मंडळी, आज जरा भांडायला बसले आहे. एरवी मी इथे पाऊस, आमसुलं, जुनी शाळा असलं काहीबाही लिहिते आणि तुम्ही ते प्रेमाने वाचता. आजचा विषयही तसा साधाच आहे, छंदांचा. पण गेले काही दिवस मनात जे खदखदतंय ते गुळमुळीत शब्दांत सांगणं मला जमणार नाही. नातेवाइकांपैकी कुणाला वाचताना वाटलं की हे आपल्यालाच उद्देशून आहे, तर त्यांनी खुशाल तसं समजावं. आहेच ते तुम्हाला उद्देशून :)

आपल्याकडे कुणी एखाद्या गोष्टीत रमलेलं दिसलं की तीन प्रश्न ठरलेले असतात. पहिला, "याचा उपयोग काय?" दुसरा, "यातून काही मिळतं का?" आणि तिसरा, जो अलीकडे फार ऐकू येतो, "एवढं छान येतंय, मग त्याचं काहीतरी कर ना!" पहिले दोन प्रश्न विचारणारी माणसं मला परवडतात. त्यांना छंद म्हणजे वेळेची नासाडी वाटते आणि ती तसं तोंडावर सांगतात. तिसरा प्रश्न विचारणारा मात्र कौतुक करत येतो, पाठीवर हात ठेवतो, आणि जाताना छंद बरोबर घेऊन जातो. माझं आजचं भांडण मुख्यतः त्याच्याशी आहे.

आधी माझंच सांगते. मला शब्द गोळा करायचा नाद आहे. बी.ए.ला मराठी होतं, पुढे जन्मभर शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला, पण नादाचं कारण ते नव्हे. कारण एवढंच की नवा शब्द कानावर पडला की मला सुख होतं. बोर्लीच्या बाजारात, दिवेआगरच्या वाड्यांतून, एस.टी.ची वाट बघताना जो शब्द नवा वाटेल तो घरी येऊन वहीत. पाखाडी, गडगा, वळचण, पागोळ्या. पावसाळ्याआधीची शाकारणी आणि आगोटीची बेगमी. नारळाचं सोडण, पोफळीची विरी, झाडांखाली साचलेला पातेरा. भरती म्हणाल तर ती दोन प्रकारची, उधाणाची आणि भांगाची. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी चांगलं वर चढतं ते उधाण, आणि अष्टमीच्या आसपास समुद्र जेमतेम हलल्यासारखा करतो तो भांग. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ ढोबळमानाने मिळते, हे मला एका कोळीणबाईंनी मासळीचा वाटा लावता लावता सांगितलं. अष्टमी असेल तर आठची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. त्या दिवशी मासळी कुठली घेतली ते आठवत नाही. पाऊणपट मात्र पक्की आठवते.

अशा आता अकरा वह्या झाल्या आहेत. घरी कुणी आलं आणि त्या दिसल्या की सल्ले सुरू होतात. "काकू, याचा कोश काढा." "मावशी, पुस्तक होईल हो याचं." "आजी, रोज एक शब्द घेऊन यूट्यूबवर टाक, मी चॅनल काढून देतो." सगळ्यांच्या मनात माझ्याबद्दल प्रेमच असतं, हे मला कळतं. पण कोशाला शिस्त लागते. माझ्या वहीत 'भांग' या शब्दाखाली त्या कोळीणबाईंच्या बांगड्यांचा रंग लिहिला आहे. कोशात त्याला जागा नाही. आणि रोज एक शब्द टाकायचा तर रोज एक शब्द सापडला पाहिजे. मग मी बाजारात ऐकायला जाणार नाही, माल आणायला जाईन. गेली कित्येक वर्षं जे सुख मला फुकट मिळतंय, ते मी कशासाठी विकू?

तुम्ही म्हणाल, बाई जरा जास्तच बोलतात. मग एक उदाहरण सांगते. माझ्या ओळखीतल्या एका सुनेला गोधड्या शिवायचा नाद होता. जुन्या साड्यांचे तुकडे घेऊन दुपारी ओटीवर बसायची. कुठल्या रंगाशेजारी कुठला रंग बसवायचा यात तिचा तासन्‌तास जीव रमे. घरच्यांनी म्हटलं, "याचं काहीतरी कर." तिने केलं. ऑर्डरी येऊ लागल्या, पैसेही बरे मिळू लागले. आता रंग गिऱ्हाईक ठरवतं, माप गिऱ्हाईक ठरवतं, तारीखही तेच ठरवतं. परवा म्हणाली, "काकू, धंदा छान चाललाय, पण संध्याकाळी सुई हातात धरावीशी वाटत नाही." धंदा करू नये असं मी म्हणत नाही. घरात पैशाची गरज होती आणि तिने ती भागवली, त्याबद्दल तिला शाबासकीच द्यायला हवी. पण त्या घरात एक धंदा जन्माला आला तेव्हा एक छंद गेला, आणि त्याचा दुखवटा कुणीही पाळला नाही. उलट पेढे वाटले.

ही हिशेबी वृत्ती आपण मुलांना शाळेत शिकवतो. निबंध आठवा, 'माझा आवडता छंद'. माझ्या नोकरीच्या वर्षांत मी हा निबंध किती वेळा तपासला असेल देव जाणे. वर्गातल्या निम्म्या मुलांचा छंद असायचा 'पोस्टाची तिकिटे जमवणे'. ज्यांच्या घरी वर्षाकाठी दोन पत्रं यायची त्या मुलांचा! कारण गाइडमध्ये तोच निबंध होता. आणि शेवट ठरलेला असायचा: छंदामुळे ज्ञानात भर पडते, वेळ सत्कारणी लागतो, वाईट सवयी लागत नाहीत. ज्या पोराला बेचकीने अचूक कैरी पाडण्याचा खरा नाद होता, किंवा ओढ्यातले मासे हाताने धरण्याचा, त्याला तो छंद म्हणून लिहिता येतो हे ठाऊकच नव्हतं. कारण त्याचा 'फायदा' सांगता आला नसता आणि फायद्याला चार गुण होते.

आपली भाषासुद्धा या बाबतीत आपल्याशी फार दयाळू नाही. 'नसती उठाठेव', 'लष्कराच्या भाकऱ्या', 'रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी'. बिनकामाचं काही करणाऱ्याची टर उडवायला मराठीत केवढी सोय! त्याचं कौतुक करायला एक तरी म्हण सांगा बघू. मला अकरा वह्यांत सापडलेली नाही.

आता एका शिक्षकाबद्दल सांगते. आपल्याच किनाऱ्यावरच्या डहाणूला १९०५ साली जन्मलेले दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातून पदवी घेतली आणि १९३० पासून १९६२ पर्यंत नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तरकी केली. या माणसाला आकड्यांचा नाद होता. संशोधनाची पदवी नाही, विद्यापीठाची खोली नाही. दिवसा शाळा, आणि उरलेला वेळ आकडे.

कुठलीही चार आकडी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, मग चढत्या क्रमाने लावा, आणि मोठीतून लहान वजा करा. उत्तरावर पुन्हा तेच करा. समजा ३५२४ घेतली. ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. आता ६१७४ वर तेच केलं तर पुन्हा ६१७४ च येतात! कुठूनही निघा, फार तर सात पायऱ्यांत तुम्ही ६१७४ ला पोचता. आज जगभर या संख्येला कापरेकर स्थिरांक म्हणतात. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग जातो (१८ घ्या, १ आणि ८ मिळून ९, आणि ९ दुणे १८), अशा संख्यांना कापरेकरांनी नाव दिलं 'हर्षद'. म्हणजे आनंद देणारी! काय सुंदर नाव आहे बघा. या माणसाला संख्येकडून काय हवं होतं ते त्या एका शब्दात आलं.

त्यांच्या हयातीत आपल्या देशातल्या बऱ्याच गणितज्ञांना हा पोरखेळ वाटे. आपल्या शोधांच्या छोट्या पुस्तिका कापरेकर स्वतःच छापून घेत. मग मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' या मासिकातल्या आपल्या सदरात त्यांच्याबद्दल लिहिलं आणि जगाला हा देवळालीचा मास्तर कळला. तेव्हा कापरेकर सत्तर वर्षांचे होते. १९८६ साली ते गेले.

इथे छंदांच्या बाजूने बोलणारी मंडळी टाळ्या वाजवतात. "बघा, शेवटी नाव झालंच ना! म्हणून छंद जोपासावा." थांबा! माझं खरं म्हणणं इथेच आहे. नाव झालं म्हणून छंद योग्य ठरला असं म्हणणारा माणूस "उपयोग काय" म्हणणाऱ्याच्याच पेढीवर बसलेला असतो. फक्त त्याच्या वहीत जमेची बाजू मोठी आहे. समजा गार्डनरांनी ते सदर लिहिलंच नसतं, तर कापरेकरांची आधीची चाळीस-पंचेचाळीस वर्षं वाया गेली असती का? ती वर्षं हर्षद होती. ज्या संध्याकाळी ती चार आकड्यांची वजाबाकी फिरून फिरून त्याच जागी आली असेल, त्या संध्याकाळचं सुख त्यांना त्याच संध्याकाळी पूर्ण मिळालं होतं. १९७५ साली त्यात काही भर पडली असेल तर ती आपल्या माहितीत पडली.

आपल्या जिल्ह्यातलंच आणखी एक उदाहरण घ्या, अलिबागजवळच्या किहीमचं. सालीम अली १९३० साली जर्मनीतून पक्ष्यांचा अभ्यास करून परतले तर मुंबईच्या संग्रहालयातली त्यांची जागा पैशाअभावी रद्द झालेली. नोकरी नाही. ते पत्नी तहमीनांबरोबर किहीमला येऊन राहिले आणि त्या पावसाळ्यात सुगरण पक्ष्यांची घरटी बघत बसले. सुगरणीचा नर अर्धवट घरटं विणतो, मादी येऊन ते पारखते, पसंत पडलं तर राहते, मग नर ते पुरं करतो आणि दुसरं विणायला घेतो, हे त्यांनी तिथे बारकाईने टिपलं. आता विचार करा. तेहतीस वर्षांचा, नोकरी गेलेला गृहस्थ दिवसचे दिवस पाखरांकडे बघत बसलाय. आपल्या ओळखीतला असता तर आपण काय म्हटलं असतं? पुढे 'पद्मविभूषण' मिळालं ते १९७६ साली. किहीमच्या पावसात ते कुणाला दिसत होतं? पुरस्कार बघून कौतुक करायला अक्कल लागत नाही. पुरस्काराच्या आधीची माणसं तुमच्या-माझ्या घरात आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकांना कधीच काही मिळणार नाही. त्यांची बाजू कोण घेणार?

यावर एक आक्षेप मला नेहमी ऐकावा लागतो, आणि तो रास्त आहे. "हे सगळं पोट भरलेल्यांचं. हातावर पोट असणाऱ्याला कसले छंद?" बरोबर आहे, वेळ नसेल तर छंद कुठून येणार? पण मग त्याचं उत्तर वेळ मिळवणं हे आहे, सुखावर पाणी सोडणं हे नाही. हे आपल्या गिरणी कामगारांना आपल्यापेक्षा आधी कळलं होतं. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी झगडून १८९० साली रविवारची सुट्टी मिळवली. आपण जी सुट्टी सहज उपभोगतो ती कुणीतरी भांडून आणलेली आहे. आणि त्या कामगारांनी मोकळ्या वेळेत काय केलं? आपल्या कोकणातून गेलेल्यांनी चाळीच्या खोल्यांत भजनं केली, बाल्या नाच बसवला, शक्ती-तुऱ्याचे सामने रंगवले. पाळी संपवून आलेला माणूस पायात चाळ बांधून नाचायचा. त्यातून त्याला पगारवाढ मिळणार नव्हती. गणपतीला गावी आला की ओटीवर पुन्हा तोच नाच, आणि आजही आहे. हातावर पोट असलेल्या माणसाला सुखाची गरज कमी असते, हा समज पोट भरलेल्यांचाच आहे.

आणि आता बायकांकडे येते, कारण मुळात मी त्यासाठीच लिहायला बसले.

पुण्यातलं राजा दिनकर केळकर संग्रहालय तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. दिनकर केळकरांनी घरोघर फिरून जुन्या वस्तू जमवल्या, गेलेल्या मुलाचं नाव त्या संग्रहाला दिलं आणि १९७५ साली सुमारे वीस हजार वस्तूंचा तो संग्रह महाराष्ट्र सरकारला देऊन टाकला. या खटाटोपात त्यांच्या पत्नी कमलाबाई बरोबरीने होत्या, हे लोक सांगताना विसरतात. तिथे दिवे आहेत, वज्री आहेत, फण्या आहेत, आणि अडकित्ते आहेत. मी श्रीवर्धनी रोठ्याच्या मुलखातली बाई, माझी पावलं अडकित्त्यांपाशीच अडली. पोपटाच्या आकाराचा अडकित्ता सुपारी काही जास्त बारीक कातरत नाही. सुपारी कातरायला दोन पाती आणि एक खिळा पुरे. तो पोपट कशाला? ज्याने घडवला त्याला सुख म्हणून, आणि जिच्या हातात रोज असायचा तिला सुख म्हणून. जुन्या घरांत बाईच्या वाट्याला सुख आलं ते असं कामाच्या वस्तूला चिकटून. वेगळं मागायची सोयच नव्हती.

जात्यावरच्या ओव्यांचं तेच. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्राच्या गावागावांतून बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. आता त्या 'पारी', म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया, या संकेतस्थळावर वाचता-ऐकता येतात. एक लाख! पहाटे उठून दळण दळणाऱ्या, अक्षरओळख नसलेल्या बायकांच्या. जळगावकडच्या बहिणाबाई चौधरींच्या कविता मुलाने कागदावर उतरवल्या म्हणून त्यांच्या मृत्यूनंतर १९५२ साली छापून आल्या आणि आपल्याला कळल्या. बाकीच्या हजारो जणींनी रचलं आणि पिठाबरोबर सूपात टाकून दिलं. लोक याचं कौतुक करतात की, बघा, कष्टातही बाईने आनंद शोधला. मला ते कौतुक पुरेसं वाटत नाही. हात जात्याला जुंपलेले असताना जिला एवढं सुचलं, तिला रोज एक तास नुसती मोकळी बसू दिली असती तर? तिला तो तास कुणी दिला नाही, आणि तिने मागितला असता तर काय उत्तर मिळालं असतं ते तुम्हाला ठाऊक आहे. "रिकामी बसलीयेस का? मग एवढं निवडून टाक."

जाती गेली, मिक्सर आले. उत्तर बदललेलं नाही. पुरुषाचा छंद हा 'त्यांचा वेळ' असतो. रविवारी गळ टाकून बसलेल्या माणसाला घरातलं कुणी उठवत नाही. बाई पुस्तक घेऊन बसली की ती मोकळी आहे असं धरलं जातं. तिने विणलेला स्वेटर चालतो, काढलेली रांगोळी चालते, केलेले पापड तर फारच चालतात. पण तिने ओटीवर बसून नुसता रेडिओ ऐकला, नुसतं कोडं सोडवलं, माझ्यासारखे शब्द लिहिले, की कुणीतरी विचारणारच, "काय चाललंय?" या प्रश्नाला "काही नाही" असं उत्तर द्यायची सवय आपल्याला लागली आहे. बायांनो, हे उत्तर आधी बदला. "माझं चाललंय," असं सांगा.

नात्यातल्या एका मुलीचं सांगते. (हो, तिचे आईवडील हे वाचतात, म्हणूनच सांगतेय.) ती दिवेआगरला आली की ओहोटीच्या वेळी वाळूत उकिडवी बसते. तिथे बारीक खेकडे बिळाभोवती वाळूच्या इवल्या गोळ्यांची नक्षी मांडतात, फुलासारखी, ताऱ्यासारखी. ती ही नक्षी वहीत काढून घेते. पुढच्या भरतीला सगळं पुसलं जातं, पुन्हा ओहोटीला नवी नक्षी. तिच्या तीन वह्या झाल्यात. यंदा ती दहावीला आहे आणि वह्या माळ्यावर गेल्या आहेत. "वर्षभराचाच तर प्रश्न आहे." दहावीनंतर बारावी येईल, मग प्रवेश परीक्षा, मग नोकरी, मग लग्न, मग तिच्या मुलाची दहावी. प्रत्येक वेळी वर्षभराचाच प्रश्न असतो. मी जन्मभर दहावीची मुलं पाहिली आहेत. दिवसातून अर्धा तास खेकड्यांची नक्षी काढणारी मुलगी त्या अर्ध्या तासामुळे नापास झाल्याचं मी पाहिलेलं नाही. मात्र अभ्यासाशिवाय दुसरं काही नसलेली मुलं निकालाच्या दिवशी कशी मोडतात, ते पाहिलं आहे. त्यांच्याकडे मार्कांशिवाय उभं राहायला दुसरी जागाच नसते.

आणि गंमत अशी की ज्यांनी आयुष्यभर "वेळ घालवू नका" म्हटलं, तेच साठी उलटली की म्हणतात, "काहीतरी छंद लावून घ्या हो, डोकं तल्लख राहतं." म्हणजे तेव्हाही औषधच! सुख म्हणून नाहीच. गोळ्यांच्या डबीत सकाळी एक, रात्री एक, आणि दुपारी छंद. अहो, ज्याने चाळीस वर्षं मनाला काही मागूच दिलं नाही, त्याला निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी मन काय मागणार? छंद काही पेन्शनीच्या कागदांबरोबर येत नाही.

एक शेवटचं सांगते आणि आवरते. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आमच्या या पट्ट्यात किनाऱ्यावर आलं. काही तासांत आगरं झोपली. पोफळी मधूनच मोडल्या, माड उन्मळले, कौलं उडाली. पोफळ लावली की फळ धरायला पाच-सात वर्षं जातात, तेव्हा नुकसान किती ते तुम्हीच समजा. कित्येक आठवडे वीज नव्हती, फोन नव्हते, वर कोरोना. अशात एका संध्याकाळी शेजारच्या ओटीवर चार जण अंतर राखून बसले. भजनाची पेटी भिजून फुगली होती, म्हणून नुसते टाळ घेतले. कंदिलाच्या उजेडात तासभर भजन चाललं. त्याने एकही कौल जागेवर आलं नाही, एकही पोफळ उभी राहिली नाही. त्या संध्याकाळी अख्ख्या आळीत कुणी विचारलं नाही की याचा उपयोग काय. मी माझ्या ओटीवर बसून ऐकत होते आणि वहीत लिहीत होते. झाडं पडण्याला लोकांनी त्या आठवड्यात किती वेगवेगळी क्रियापदं वापरली ती. मोडली, उन्मळली, झोपली, लवली, बसली. दुःख कमी झालं का? नाही. पण ते शब्द माझे होते आणि ते टाळ त्यांचे होते. वाऱ्याने बाकी जे नेलं त्यात हे नव्हतं.

तर नातेवाईकहो, मागणं साधं आहे. ती खेकड्यांची वही माळ्यावरून खाली काढा. घरातली बाई काही न करता बसलेली दिसली तर तिला बसू द्या. कुणी काही सुंदर करत असेल तर "छान आहे" म्हणा आणि तिथेच थांबा, पुढे "याचं काहीतरी कर" म्हणू नका. आणि माझ्या वह्यांची काळजी तर मुळीच करू नका. माझ्यामागे त्या रद्दीत गेल्या तरी चालेल. माझं सगळं मला मिळालेलं आहे.

असो. फार लांबलं. तुमच्याकडे पाऊस कसा आहे? आणि 'उधाण'सारखा एखादा शब्द तुमच्या गावी असेल तर जरूर कळवा. उपयोग काही नाही :)